फरसबंदी
फरसबंदी : घराची जमीन टणक, सपाट व धुता येण्याजोगी व्हावी म्हणून तिच्यावर दगड, वीट अथवा लाद्या बसविण्याची क्रिया. तिचे सौंदर्य वरच्या थरात दिसते. टिकाऊपणा मात्र सर्व काळी खालच्या, न दिसणाऱ्या थरांवर अवलंबून राहिला आहे.

राजस्थानातील कालिबंगा येथे एकमेकांस छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी असलेल्या भाजलेल्या लाद्यांची हडप्पाकालीन जमीन आढळली आहे. तळाच्या थरांचे तपशीलवार नियम रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) याच्या ग्रंथात मिळतात. चोपलेल्या जमिनीवर मुठीएवढ्या दगडांचा थर, त्यावर खडी व चुना यांचा सु. २२ सेंमी. जाडीचा चोपलेला थर, त्यावर भाजलेल्या मातीचा चुरा व चुना यांचा सु. ११ सेंमी. थर आणि शेवटी फरशी, असा क्रम त्याने सांगितला.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत जोत्यात माती व मुरूम थराथराने घालून, पाणी मारून धुम्मसाने चोपीत व वर शेणाने सारवीत. ही जमीन स्वस्त व थंड असे. परंतु सारवण वारंवार करावे लागे आणि ते काम बहुधा स्त्रियांवर पडे. सधनांच्या वाड्यांत चुन्याचा कोबा अथवा दगडी फरशी असे. पुढे शहाबादी फरशीचा प्रसार झाला.

रिचर्ड प्रॉसर याने १८४० मध्ये कोरडी मृत्तिका दाबून वस्तू घडविण्याचे एकस्व घेतले व लाद्यांच्या यांत्रिक उत्पादनास चालना मिळाली. इंग्लंडमधील मिंटन लाद्या मुंबईतील इमारतींतही बसविण्यात आल्या. १९२२ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने फिरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्स हा उद्योग स्थापन केला. त्याच्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या भट्टीत न भाजता साच्यात दाबून तयार केल्या जात व पाण्यात मुरवून घट्ट होत.

अशा लाद्या बसविण्यापूर्वी भराव दाबून, कोबा घालून पाणसळीने पातळी तपासतात. मोरीकडे मात्र ढाळ ठेवतात. लादी भिजवून घेतात, अन्यथा ती मसाल्यातील पाणी शोषून घेते. पाणी जवळजवळ न शोषणाऱ्या काचित लाद्यांसाठी विशेष चिकटद्रव्ये वापरतात. लादीखाली पोकळी राहिल्यास ठोकल्यावर तिचा आवाज बद्द येतो व भाराने ती तडकते. भराव खचल्यास उत्तम लादीही उखडते. हे दोष बहुधा घर वापरात आल्यावरच उघडकीस येतात व जमीन उकरल्यावाचून दूर होत नाहीत.