ठशांची पारख

बोटांवरील शंख-चक्रे मोजून भविष्य वर्तविण्याची हौस मराठी घरांतून जुनीच आहे. परंतु त्याच शंख-चक्रांवरून माणूस ओळखण्याचे शास्त्र घडविण्यातही भारताचा मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचे नाव त्या पद्धतीस मिळाले. तथापि दहा बोटांच्या ठशांची १०२४ कप्प्यांत विभागणी करणारे गणित बसविले ते अझीझुल हक यांनी. हेमचंद्र बोस यांनीही या कार्यास हातभार लावला. १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत स्वीकारली.

परंतु कप्पा सापडणे निराळे आणि दोन ठसे एकाच बोटाचे आहेत असे ठरविणे निराळे. शाई लावून घेतलेला ठसा स्वच्छ असतो. गुन्ह्याच्या जागी मिळणारा ठसा अर्धवट आणि पुसट असतो. रेषा कोठे फुटते, कोठे संपते, याचा निर्णय तेथे डोळ्यालाच करावा लागतो. हा डोळा दीर्घकाळ गुरुशिष्यपरंपरेने तयार होत असे. त्या शिक्षणात एक उणीव होती. प्रत्यक्ष खटल्यातील ठसा खरोखर कोणाचा, हे स्वतंत्रपणे क्वचितच कळे. त्यामुळे चूक झाली, तरी ती शिकणाऱ्याच्या ध्यानी येत नसे. अनुभव वाढे, आत्मविश्वासही वाढे. अचूकपणा वाढला की नाही, हे मात्र कोणी तपासत नसे.

या उणिवेची किंमत २००४ साली दिसून आली. त्या वर्षी ११ मार्च रोजी माद्रिदच्या आगगाड्यांत बाँबस्फोट झाले. तपासात मिळालेल्या एका पिशवीवरील ठशाशी जुळणारे वीस ठसे अमेरिकेच्या एफ. बी. आय. संस्थेच्या संगणकाने काढून दिले. त्यांपैकी एक ओरेगन राज्यातील एका वकिलाचा होता. संस्थेच्या तिघा परीक्षकांनी तो निःसंशय त्याचाच ठरविला. स्पेनच्या पोलिसांनी एप्रिलमध्येच नकार कळविला होता. तरीही मे महिन्यात वकिलास अटक झाली आणि तो दोन आठवडे कैदेत राहिला. अखेर तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. पुढील चौकशीत असे आढळले की, वकिलाच्या स्वच्छ ठशात दिसलेल्या खुणा परीक्षकांनी नकळत त्या पुसट ठशातही पाहिल्या होत्या.

त्यानंतर परीक्षणाची शिस्त बदलली. प्रथम पुसट ठसा एकटाच पाहावा, त्यातील खुणा नोंदवाव्यात आणि मगच संशयिताचा ठसा समोर घ्यावा, असा दंडक आला. ज्यांचे उत्तर आधीच निश्चित आहे अशा ठशांवर परीक्षा घेण्यास महत्त्व आले. त्यांत फसवे, अगदी सारखे दिसणारे ठसेही असावे लागतात. कारण कोट्यवधी ठशांतून संगणक नेमके असेच ठसे वेचून देतो. उत्तर देताच चूक की बरोबर हे कळले, तरच डोळा सुधारतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत १६९ परीक्षकांची अशी कसोटी घेण्यात आली. भिन्न बोटांचे ठसे एकच ठरविण्याची चूक हजारात सुमारे एकदा झाली. एकाच बोटाचे ठसे भिन्न ठरविण्याची चूक मात्र शंभरात सुमारे साडेसात वेळा झाली. पहिल्या चुकीने निरपराध्याचे स्वातंत्र्य जाते, दुसरीने अपराधी सुटतो.

बोटावरील रेषा खोटे बोलत नाहीत, हे खरे. परंतु त्या वाचणारा माणूस चुकू शकतो. आणि ज्या विद्येने स्वतःची चूक मोजण्यास आरंभ केला, तिच्यावरच न्यायालयाने विश्वास टाकणे योग्य होय.