पातळ तळाची गोष्ट

१९१९ च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा भरल्या होत्या आणि जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा त्या पाहायला हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारी मुलं बहुतेक शेतकरी घरांतली. ना शिकवायला कुणी, ना धड खुराक, ना पायात काही. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या होत्या. टाटांनी या मुलांना ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पला सहा जणांचा भारतीय संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षी मॅरेथॉनचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले.

जिमखान्याच्या मैदानावरच्या त्या मुलांचं अनवाणीपण तेव्हा गरिबीचं लक्षण होतं. आज तुमच्या फोनवर ‘बेअरफूट शूज’ असं शोधलंत, तर तेच अनवाणीपण काही हजार रुपयांना विकायला ठेवलेलं दिसेल. तळ पातळ, चवड्याकडे रुंद, टाचेला उंची नाही, आणि वर ‘पर्यावरणपूरक’ असं लेबल. शंभर वर्षांत हे असं उलटं कसं झालं? आणि असा बूट घ्यायचा असेल, तर या इतिहासातून काही उपयोगाचं हाती लागतं का?

आधी पातळच होतं

आर्मेनियातल्या अरेनी नावाच्या गुहेत २००८ साली एक बूट सापडला. वय सुमारे साडेपाच हजार वर्षं. गाईच्या कातड्याचा एकच तुकडा पायाभोवती दुमडून वादीनं आवळलेला. त्याला वेगळा सोल नाही, टाच नाही, गादी नाही. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये झाडाच्या सालीपासून विणलेल्या चपला मिळाल्या आहेत, त्या तर नऊ हजार वर्षांहून जुन्या. माणसानं पायात काहीतरी घालायला सुरुवात केली ती काटे, थंडी आणि तापलेली जमीन यांच्यापासून वाचण्यासाठी. पायाचं काम बुटानं करावं, अशी अपेक्षा तेव्हा नव्हती.

आपल्याकडची कोल्हापुरी याच घराण्यातली. कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा, शिवायला कातड्याचीच वादी. खिळा नाही, रबर नाही. टाचेखाली बेताचा थर, बाकी तळ जवळजवळ सपाट. नवी असताना चावते, तेल पाजावं लागतं, मग हळूहळू ती घालणाऱ्याच्या पायाची होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता मिरवल्या, तेव्हा जो गदारोळ झाला तो तुम्हाला आठवत असेलच.

व्यायामाची गोष्ट तर त्याहून सोपी. तालमीतला पैलवान लाल मातीत अनवाणी उतरतो. मल्लखांब अनवाणी, जोर-बैठका अनवाणी, सूर्यनमस्कारही अनवाणी. व्यायामासाठी खास बूट घ्यायचे असतात, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा आली.

मग गादी आली

रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची रीत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली. त्यातून पुढे कॅनव्हासचे, रबरी तळाचे बूट आले. हे तळही पातळच होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातले उत्तमोत्तम धावपटू आजच्या हिशेबानं ‘बेअरफूट शूज’मध्येच धावत होते.

कधीकधी तेही नसायचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला, कारण मिळालेले बूट पायाला नीट बसेनात. २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत त्यानं सुवर्णपदक जिंकलं. अनवाणी धावण्याचे चाहते हा किस्सा नेहमी सांगतात. त्याचा पुढचा भाग मात्र बहुतेक वेळा गळतो. १९६४ मध्ये टोकियोला हाच बिकिला बूट-मोजे घालून धावला आणि तीन मिनिटांनी कमी वेळात पुन्हा सुवर्णपदक जिंकला. आपल्याकडे शिवनाथ सिंग अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. दोघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या तर एवढंच दिसतं, की धावणारा पाय तयार असेल तर बूट ही दुय्यम बाब आहे.

गादीचा बूट आला तो तयारी नसलेल्या पायांसाठी. ऑरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी साठच्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची आवड लावली. दिवसभर खुर्चीत बसणारे लाखो लोक डांबरी रस्त्यावर धावायला उतरले. त्यांची टाच, गुडघे, पोटऱ्या दुखू लागल्या. यावर बाजाराला सुचलेला उपाय म्हणजे टाचेखाली फोम. सत्तरच्या दशकात हलक्या फोमचे मधले थर आले, दशक संपता संपता हवेच्या पिशव्या आल्या. टाच उंच झाली, पुढचा भाग निमुळता झाला. ज्याला आज आपण ‘नॉर्मल’ स्पोर्ट्स शू म्हणतो, त्याचं वय जेमतेम पन्नास वर्षं आहे.

परतीची वाट आणि तिच्यावरचे खड्डे

२००५-०६ च्या सुमारास इटलीच्या व्हिब्रम कंपनीनं पायाच्या पाचही बोटांना वेगळे कप्पे असलेला बूट बाजारात आणला. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅक्डुगल यांचं ‘बॉर्न टू रन’ आलं आणि मेक्सिकोच्या दऱ्याखोऱ्यांत टायरच्या तुकड्यांच्या चपला घालून धावणारे रारामुरी लोक जगभर माहीत झाले. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की लहानपणापासून अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात, आणि त्यामुळे टाच आपटल्यावर बसणारा तो अचानक धक्का टळतो. दुखापती कमी होतात, असा दावा त्या अभ्यासात नव्हता. बाजारानं तो परस्पर करून टाकला.

परिणाम लवकरच दिसले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३६ धावपटूंना १० आठवडे पाहिलं गेलं. त्यातले निम्मे हळूहळू पाच बोटांच्या बुटांकडे वळत होते. त्यांच्यापैकी अर्ध्याहून अधिक जणांच्या पावलाच्या हाडांत ताणाची सूज वाढलेली एमआरआयमध्ये दिसली. २०१४ मध्ये व्हिब्रमनं आरोग्याच्या दाव्यांवरचा खटला ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला, चूक मात्र कबूल केली नाही. चाळीस वर्षं गादीवर वाढलेला पाय दहा आठवड्यांत शेतकऱ्याच्या पोराचा पाय होत नाही, इतकी ही साधी गोष्ट होती.

म्हणून कल्पनाच खोटी, असंही नाही. तिच्या बाजूचा एक चांगला पुरावा आपल्या शेजारचाच आहे. मणिपालच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि निष्कर्ष १९९२ मध्ये छापले. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट तळवे ८.६ टक्के, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. सर्वांत जास्त प्रमाण बंद बूट घालणाऱ्यांत, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. म्हणजे पायाची कमान वापरानं घडते आणि वाढत्या वयात बोटांना जागा मिळाली तर तिचा फायदा होतो, असं मानायला आधार आहे.

अनवाणी कोण होतं?

इथवरच्या गोष्टीत अनवाणीपण म्हणजे शक्ती. पण तिची दुसरी बाजू झाकून ठेवली, तर इतिहास अर्धाच राहील.

१९०९ मध्ये अमेरिकेत रॉकफेलरच्या पैशातून एक आयोग नेमला गेला. दक्षिणेकडच्या राज्यांत गरिबांची मुलं निस्तेज, थकलेली, अभ्यासात मागे का, तर मातीतली अंकुशकृमीची पिल्लं अनवाणी तळव्यांतून शरीरात शिरून रक्त शोषत होती. तपासलेल्या शाळकरी मुलांत सुमारे ४० टक्क्यांना लागण होती. औषध, संडास आणि पायात बूट, हा त्यावरचा उपाय होता.

आपल्याकडे तर पायात काय घालायचं हे जात ठरवायची. सवर्णांच्या आळीतून जाताना दलितांनी पायातली वहाण काढून हातात घ्यायची, ही रीत कित्येक गावांत होती. आणि मेलेलं जनावर ओढणारे, कातडं कमावणारे, चप्पल शिवणारे हातही त्याच अस्पृश्य ठरवलेल्या समाजांतले होते. जोडा घालणं ही त्यांच्यासाठी फॅशन नव्हती, माणूसपणाचा हक्क होता. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या, आदिवासींच्या सोललेल्या तळव्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. मुंबईकरांनी त्यांच्यासाठी पाणी, खाणं आणि चपला आणल्या. त्या पायांना कुणी ‘नैसर्गिक चाल’ म्हटलं नाही.

तिसरी गोष्ट वेल्लोरची. शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथं आले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. रुग्णांचे पाय झिजत होते, ते मुख्यतः वेदना कळत नसल्यामुळे. खडा रुतला, चटका बसला, तरी पाय तसाच टेकत राहायचा. वेदना हीच पायाची राखण आहे, हे ब्रँड यांनी ओळखलं आणि अशा पायांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाच्या चपला पुढे आल्या. त्याच ‘एमसीआर’ चपला आज मधुमेहाच्या रुग्णांना दिल्या जातात. तुमच्या आजी-आजोबांकडेही कदाचित एक जोड असेल. पातळ तळ चालतो तो तळवा बोलत असेल तोवर. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झाली असेल, तर बेअरफूट शूजच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

मग घ्यायचा कोणता?

या सगळ्यातून निवडीचे काही नियम आपोआप निघतात.

पहिला, रुंदी. कोऱ्या कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेखा काढा आणि कापा. तो कागद बुटात न दुमडता बसला पाहिजे. बोटं दाबणारा बूट पातळ असला तरी उपयोगाचा नाही.

दुसरा, तळ. बूट हातानं गुंडाळता आणि पिळता यावा. टाच आणि चवडा एकाच उंचीवर हवेत. शहरातल्या काचा, खडी आणि पावसाळ्यातला चिखल लक्षात घेता तळाला चिवट रबर हवं.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, वेळ. आधी घरात अनवाणी, मग रोजच्या चालण्यात, दिवसाला अर्धा तास. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर सरावली की मग धावणं, तेही थोडं थोडं. चवड्याच्या हाडावर एकाच जागी दुखू लागलं तर थांबायचं. यात आठवडे नाही, महिने जातात. घरी बैठका, जोर, योगासनं करत असाल तर बुटाची गरजच नाही. सगळ्यात स्वस्त बेअरफूट शू म्हणजे आपलाच तळवा.

चौथा, पर्यावरण. इथं लेबलापेक्षा हिशेब बघावा. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एका नेहमीच्या रनिंग शूचा माग काढला. ६५ सुटे भाग, ३६० हून अधिक प्रक्रिया आणि एका जोडामागे सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड. त्यातला मोठा वाटा कारखान्यात बूट बनवण्याचा होता. म्हणजे कमी भागांचा, साध्या रचनेचा बूट मुळातच बरा. ‘व्हीगन लेदर’ हे बऱ्याचदा प्लॅस्टिकच असतं आणि क्रोमनं कमावलेलं कातडं नदी खराब करतं, तेव्हा वनस्पतीनं कमावलेलं कातडं, कापूस किंवा ताग असे स्पष्ट लिहिलेले पर्याय शोधा. आणि विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: याचा तळ झिजला तर बदलून मिळेल का? फोमचा बूट फोम बसला की संपतो. शिवलेला तळ पुन्हा शिवता येतो. मात्र त्यासाठी तो शिवणारा माणूस त्याच्या कामावर जगू शकला पाहिजे. त्याच्या मजुरीत घासाघीस करून कोणताही जोडा ‘शाश्वत’ होत नाही.

रोजच्या वापरासाठी चांगली कोल्हापुरी या कसोट्यांवर बऱ्यापैकी उतरते. धावायला आणि पावसाला ती नाही, त्यासाठी वेगळा जोड लागेल. दोन जोड, दोन्ही दुरुस्त होणारे, आणि घरात अनवाणी, एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

टाटांनी पाहिलेल्या त्या मुलांनी अनवाणीपण निवडलेलं नव्हतं, ते त्यांच्या वाट्याला आलं होतं. आपल्याला ते निवडता येतं, हवं तेव्हा बूट घालता येतो आणि हवं तेव्हा काढता येतो. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.