वजाबाकीत उरलेले

चौथीत असताना १५ ऑगस्टच्या भाषणात मी एक थाप मारली. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले आणि त्यांनी सात जपानी मारले, असं मी शाळेच्या पटांगणात ठणकावून सांगितलं. सात हा आकडा बहुधा प्रतापराव गुजरांच्या गोष्टीतून आला असावा. टाळ्या पडल्या. आजोबांना आम्ही तात्या म्हणायचो. ते पाहुण्यांच्या बाकावर, कोटाला पदकं लावून बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

संध्याकाळी गोठ्यात त्यांनी विषय काढला. "सात न्हाईत," ते म्हणाले. मला वाटलं, आता खरा आकडा सांगणार. "एक बी न्हाई. आमी मारायला न्हवतो गेलो. रस्ता करायला गेलतो."

दुसऱ्या दिवशी मला शाळेत जायची लाज वाटली. थाप उघडी पडली म्हणून नव्हे, ती तर आम्हा दोघांतच राहिली. लाज वाटली ती आजोबा खरे लढवय्ये नव्हते याची. पुढे सैन्याच्या इतिहासाचं वाचन करत गेलो त्यामागे ती लाज होती, हे कबूल करायला बरीच वर्षं लागली.

तात्या सफरमैनात होते. 'सॅपर्स अँड मायनर्स' या इंग्रजी नावाचा आपल्या लोकांनी जिभेवर घासून केलेला हा शब्द. मुंबई इलाख्याच्या सफरमैनांचं ठाणं खडकीला, आजही ते तिथेच आहे. पायदळाच्या पुढे जाऊन रस्ता मोकळा करायचा, नदीवर पूल टाकायचा, माघार असेल तर तोच पूल उडवायचा, शत्रूने पेरलेले सुरुंग काढायचे, ही त्यांची कामं. हातात रायफल असते, पण बराचसा वेळ फावडं, पहार आणि संगीन यांच्यातच जातो. संगीनही माणसासाठी कमी आणि जमिनीसाठी जास्त. पालथं पडून ती तिरपी मातीत सारायची, दोन बोटं अंतर सोडून पुन्हा सारायची. टोकाला काही लागलं तर बाजूची माती हाताने काढायची. "सुरुंग वरनं दाबायचा नसतो, बाजूनं हुडकायचा असतो," असं तात्या सांगायचे, तेही भुईमूग काढताना. त्यांची खुरपणी बघण्यासारखी असायची. एवढी सावकाश, की आजी वैतागायची.

आपल्याकडच्या अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेली. या गावातून १९१४ ते १९१९ या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा दोन ओळींचा मजकूर. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावात त्या युद्धात मेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे, आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा लागलेला आहे. मी अशा पाट्या दिसल्या की थांबतो आणि मनातल्या मनात वजाबाकी करतो. गेले त्यातून मेले वजा केले की जे उरतात, ते परत आलेले. त्यांच्यासाठी पाटीवर तिसरी ओळ नसते.

दुसऱ्या महायुद्धात ही वजाबाकी फार मोठी होते. अखंड हिंदुस्थानातून सुमारे २५ लाख माणसं सैन्यात गेली, सक्तीची भरती नसताना. सुमारे ८७ हजार मेली. म्हणजे २४ लाखांवर माणसं वजाबाकीत उरली आणि आपापल्या गावी परतली. ती कुठल्या गावी परतली, हाही प्रश्न आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात त्याच काळात, १९४३ पासून, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. ज्या घरातला एक मुलगा भूमिगतांना रात्री भाकरी पोचवत होता, त्याच घरातला दुसरा इंग्रजांच्या पलटणीत ब्रह्मदेशात होता, असंही घडलं. १९४६ च्या सुमारास पलटणी मोडल्या, माणसं घरी आली, आणि गावाने आपले वीर आधीच निवडलेले होते. ते बरोबरच निवडले होते. पण त्यामुळे तात्यांसारख्यांनी आपली गोष्ट सांगायची कुणाला आणि कोणत्या तोंडाने? पोटासाठी गेलो, हे खरं उत्तर होतं. ते पोवाड्यात बसत नाही.

माझ्या लाजेला पहिला तडा गेला तो प्रेमिंद्रसिंह भगत यांच्याबद्दल वाचताना. खडकीच्या सफरमैनांचे हे तरुण अधिकारी १९४१ च्या फेब्रुवारीत सुदान आणि इथिओपियाच्या सीमेवर होते. मेतेम्मा घेतल्यावर इटालियन सैन्य मागे हटत होतं आणि जाताना वाटेत सुरुंग पेरत होतं. पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या सगळ्यांत पुढच्या गाडीत भगत बसले. चार दिवस, ५५ मैल, सुरुंगांची १५ शेतं. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम. दोनदा त्यांचीच गाडी सुरुंगावर उडाली, बरोबरची माणसं गेली किंवा जखमी झाली. एकदा दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. स्फोटाने कानाचा पडदा फाटला. वरिष्ठांनी बदली माणूस देऊ केला तेव्हा त्यांनी नकार दिला, आणि कारण काय दिलं? आता मला या कामाची जास्त सवय झाली आहे, तेव्हा शेवटपर्यंत मीच करणं बरं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. हे कारण मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात देश नाही, धर्म नाही, सूड नाही. आपलं काम आपल्याला येतं, एवढंच आहे. निवृत्तीनंतर हेच भगत दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्ष झाले. धरणं आणि वीज. मला त्यात विसंगती दिसत नाही.

दुसरा तडा रामा राघोबा राणे यांच्यामुळे गेला. कारवारजवळच्या चेंडियाचे राणे १९४० मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, आणि १९४७ च्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट झाले. म्हणजे तात्यांचाच काळ, तात्यांचंच खातं. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे सैन्य निघालं होतं. डोंगराला वेटोळे घालत जाणारा रस्ता शत्रूने जागोजागी बंद केला होता. ८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. राण्यांच्या टोळीतले दोघे मेले, ते स्वतः धरून पाच जखमी झाले. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि कामाला लागले.

परमवीर चक्रासाठी दिलेलं त्यांचं मानपत्र मी जेव्हा वाचलं तेव्हा मला बांधकाम खात्याचं मस्टर वाचल्यासारखं वाटलं. ८ तारखेला रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता केला. ९ ला सकाळी सहाला पुन्हा सुरू, दुपारी तीनला रस्ता तयार. अर्ध्या मैलावर चीडाचे ओंडके आडवे टाकलेले, ते उडवले. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग तोडलेली मोरी, तिला वळसा. मग पाच मोठे ओंडके, भोवती सुरुंग आणि वर मशीनगन. अंधार झाला म्हणून थांबले. १० ला पहाटे पावणेपाचला सुरुवात, साडेसहाला अडथळा मोकळा. रणगाडे तावी नदीच्या पात्रातून चिंगसकडे गेले तरी मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी हा माणूस रस्त्यावरच राहिला, अन्न आणि विश्रांतीशिवाय, रात्री नऊपर्यंत. ११ ला सकाळी सहाला पुन्हा हजर, रात्री दहाला सुट्टी. सगळ्या मानपत्रात राण्यांनी एकही माणूस मारल्याचा उल्लेख नाही. आहेत ते तास, यार्ड आणि ओंडके. परमवीर चक्र हयातीत मिळालेले पहिले वीर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

म्हणजे मारणारा खरा योद्धा नाही का? असं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांकडे पाहा. दोघेही १९२१ च्या नोव्हेंबरात जन्मले, दोघेही शेतकऱ्यांची पोरं, दोघांनाही इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांची सगळी टोळी पडली. ते एकटे धावून गेले, बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, आणि गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. लगेच त्यांनाही गोळ्या लागल्या. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर कंपनीचे निरोप्ये होते. जवळपासचे बहुतेक मेले. जाधवांनी आधी एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगाच्या पट्ट्यातून पाठीवर आणलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा नदीचा उघडा बांध ओलांडला आणि मशीनगनची ठाणी एकेक करून बंद पाडली. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हा ती फेकून हातबॉम्बवर काम भागवलं. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले.

घाडग्यांचं शौर्य कमी होतं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. त्या तीन माणसांना त्यांनी सोडलं असतं तर मागून येणारे मेले असते. पण जाधवांच्या हकिकतीतला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी दोन माणसं आणली, मग ठाणी घेतली. आणि घाडग्यांच्या हकिकतीतही मारण्याच्या पाठीमागे कुणीतरी आहे, ज्याच्यासाठी ती वाट मोकळी व्हायला हवी होती. लढाईत शूर माणसाचं तोंड शत्रूकडे असतं. पण तो उभा कुणासाठी आहे हे बघायचं तर त्याच्या पाठीमागे बघावं लागतं.

हे आपल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. गावोगावच्या देवळांबाहेर वीरगळ असतात. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. त्यांतल्या कित्येकांवर खाली गाई कोरलेल्या असतात, कारण तो माणूस गावची गुरं वाचवताना मेला. परमवीर चक्राचं चित्र काढलं सावित्री खानोलकर यांनी. जन्माने युरोपीय, विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून पूर्णपणे इथल्या झालेल्या. त्यांनी पदकावर इंद्राचं वज्र घेतलं. वज्र हे शस्त्रच, पण ते झालं दधीचीच्या हाडांचं, आणि दधीची लढवय्या नव्हता. त्याने मागितल्यावर स्वतःची हाडं दिली.

पण वीरगळ मेलेल्याचाच असतो, आणि दधीचीही परत येत नाही. परत येणाऱ्याचं काय होतं, ते मला तात्यांनी एकदाच सांगितलं. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि ते आजारी होते. मोकळा केलेला पट्टा दाखवायला सफरमैना दोन्ही बाजूंना पांढरी फीत अंथरत. फितीच्या आत पाय पडला तर भीती नाही, असा तो शब्द असे. एका संध्याकाळी तात्यांनी एक पट्टा तपासला, फीत अंथरली आणि साफ आहे म्हणून सांगितलं. सकाळी त्यांच्याच टोळीतला, कोकणातला एक जण त्या फितीच्या आत मेला. अधिकारी म्हणाले, रात्रीतून नवा पेरला असेल. असेलही. तात्यांना ते कधी कळलं नाही.

"मग पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय? तितनंच पुढचा पट्टा हातात घेतला. कुनीतरी घ्यायाच पायजे हुता." थोडं थांबून म्हणाले, "तू साळंत सात म्हनला हुतास. मला वाटलं, एक तरी म्हनायला पायजे हुतं. पर तो आपलाच हुता."

भगतांनी बदली का नाकारली हे मला त्या दिवशी कळलं असं वाटतं. शूर माणसाला भीती वाटत नाही, ही माझी समजूत होती. तात्यांना आयुष्यभर भीती वाटली. सैन्यातून आल्यावर ते रस्त्याच्या कामावर मुकादम होते, आणि मजुरांच्या आधी नव्या भरावावरून स्वतः चालून जायचे. लोकांना तो मुकादमाचा तोरा वाटायचा. त्यांनी वाचवलेली माणसं मोजता येत नाहीत, कारण काढलेल्या सुरुंगावर कुणाचा पाय पडणार होता हे कुणाला कधीच कळत नाही. गेलेला एकच मोजता येतो, आणि तो त्यांनी पन्नास वर्षं मोजला.

ते गेल्यावर ट्रंक उघडली. डिस्चार्जचं बुक, त्यात धंद्याच्या रकान्यात गवंडी. पदकं. पांढऱ्या फितीचं एक बंडलही होतं, पण ते आम्हाला आधीपासून माहीत होतं. आजी कित्येक वर्षं त्यातला तुकडा कापून गोधड्यांच्या वळकट्या बांधायची. लहानपणी सुट्टीत झोपताना ती गाठ सोडायचं काम माझ्याकडे असे.