चित्रपट महोत्सवात तिकीट का नसतं, पास का असतो? आणि हे महोत्सव चालवतं कोण?

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. भारतात तो थिएटरला लागला सप्टेंबरमध्ये. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ विदर्भातल्या खेड्यात घडतो. त्याला २०२३ साली टोरंटोत नेटपॅक पुरस्कार मिळाला, पण महाराष्ट्रात तो प्रदर्शित व्हायला मार्च २०२५ उजाडला.

मोठ्या निर्मिती संस्थेचा किंवा वितरकाचा आधार नसलेल्या चित्रपटांचं असंच होतं. छोट्या शहरात असे चित्रपट लागले तर दुपारचा एखादा शो मिळतो, तोही पुढच्या शुक्रवारपर्यंत. ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात ते चित्रपट महोत्सव आणि फिल्म सोसायट्या.

सुरुवात कुठून झाली?

सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली. १९५९ मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला आणि राय त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं, पुण्यात १९८५ मध्ये आशय फिल्म क्लब. सभासदांची वर्गणी, भाड्याचं सभागृह आणि नोकरी सांभाळून काम करणारे कार्यकर्ते यांच्यावर ही चळवळ चालली. १९६४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून सोसायट्यांना चित्रपटांच्या प्रती मिळत.

मग पास कशासाठी?

सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवात दाखवल्या जाणाऱ्या अनेक चित्रपटांकडे, विशेषतः परदेशी चित्रपटांकडे, ते नसतं. कायद्याच्या कलम ९ नुसार केंद्र सरकार यातून सूट देऊ शकतं. त्यासाठी आयोजक माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे चित्रपटांची यादी आणि कथासार पाठवतात. सूट मिळालेले चित्रपट नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवता येतात. म्हणून महोत्सवात प्रतिनिधी शुल्क आणि गळ्यात पास असतो.

ही सूट हमखास मिळतेच असं नाही. २०१७ साली केरळच्या माहितीपट आणि लघुपट महोत्सवातल्या तीन माहितीपटांना ती नाकारली गेली होती.

स्वयंसेवक नेमकं काय करतात?

पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं आणि दारावर पास तपासणं हे दिसणारं काम. न दिसणारं काम त्याहून मोठं असतं: आलेले शेकडो लघुपट पाहून निवड करणं, दिग्दर्शकांशी पत्रव्यवहार, वेळापत्रक, सबटायटल्स नीट दिसतात की नाही याची तपासणी. थिएटरसाठीचा चित्रपट डीसीपी या डिजिटल स्वरूपात येतो. त्याला बहुतेकदा कुलूप असतं आणि ते उघडणारी डिजिटल किल्ली ठरावीक वेळेपुरतीच चालते. ती किल्ली वेळेवर आली नाही, तर भरलेलं सभागृह पडद्याकडे बघत बसतं.

छत्रपती संभाजीनगरमध्ये काय आहे?

इथला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पूर्वी औरंगाबाद आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव म्हणून ओळखला जायचा. त्याच्या आयोजनामागे मराठवाडा आर्ट, कल्चर अँड फिल्म फाउंडेशन आहे. नाथ समूह आणि एमजीएम विद्यापीठ यांचा त्याला आधार आहे. म्हणजे तो निव्वळ वर्गणीवर चालणारा महोत्सव नाही. दहावा महोत्सव जानेवारी २०२५ मध्ये झाला. त्यात पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार सई परांजपे यांना देण्यात आला. हे नाव अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या प्रसिद्ध चित्रावरून आलं आहे, तर ‘सुवर्ण कैलास’ पुरस्काराचं नाव वेरूळच्या कैलास लेण्यावरून.

असा महोत्सव मुंबई-पुण्याबाहेर होतो याला अर्थ आहे. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला जगातला सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायला आणि दिग्दर्शकाला समोरासमोर प्रश्न विचारायला रात्रीची गाडी पकडावी लागत नाही.

पैसा कुठून येतो?

इथे दोन वाटा आहेत. प्रायोजक आणि सरकारी मदत घेतली, तर मोठं थिएटर आणि परदेशी पाहुणे परवडतात, पण मदत आटली की महोत्सवही अडचणीत येतो. दुसरी वाट गोरखपूरमध्ये २००६ साली सुरू झालेल्या ‘प्रतिरोध का सिनेमा’ या उपक्रमाने निवडली: कंपन्यांचं प्रायोजकत्व न घेता लोकांच्या वर्गणीतून महोत्सव. त्यात स्वातंत्र्य जास्त, पण सगळा भार थोड्या माणसांच्या खांद्यावर. ती माणसं थकली किंवा नोकरीसाठी गाव सोडून गेली, की उपक्रम थांबतो. अनेक फिल्म सोसायट्या अशाच बंद पडल्या.

प्रेक्षकाने काय करावं?

महोत्सवाची नोंदणी साधारणपणे काही आठवडे आधी सुरू होते आणि विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते. गाजलेल्या नावांच्या शोला गर्दी असतेच. खरी गरज असते ती सकाळच्या शोला, अनोळखी दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला. तिथल्या भरलेल्या खुर्च्या पाहूनच आयोजक पुढच्या वर्षी असा चित्रपट पुन्हा आणायचा की नाही ते ठरवतात.