स्कॉर्पिया नावाचा राक्षस

गुंतागुंतीचे रोल-प्लेइंग गेम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, आणि समीक्षकाने आपलं 'मी' मध्ये आणू नये, असं आपण नेहमी ऐकतो. इतिहास काय सांगतो ते बघूया.

१९८५ साली रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा ४' आला. त्यात शेवटी मारायला कुणी महाखलनायक नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे. जादूचं सामान विकणाऱ्या आंधळ्या बाईला कमी पैसे देऊन फसवता येतं, पण गेम त्याची मुकाट्याने नोंद ठेवतो. आता याची किंमत पहिल्या तासात कशी कळणार? कुणीतरी चिकाटीने शेवटपर्यंत खेळून सांगायला हवं.

अमेरिकेतल्या 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड'मध्ये ते काम 'स्कॉर्पिया' या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाई करत. त्यांच्या आवडीनिवडी ठाम, जीभ तिखट. 'माइट अँड मॅजिक २'वर त्यांनी कडक टीका केली, तर १९९१च्या तिसऱ्या भागात निर्मात्यांनी त्यांच्याच नावाचा राक्षस घातला!

हा पक्षपात नव्हे का? आम्हाला तसं वाटत नाही. 'दहापैकी सात' हे गुण कुणाचे, कशाबद्दल, ते कळतच नाही. स्कॉर्पियाबाईंना काय खटकतं हे मात्र वाचकाला पाठ असायचं. त्यामुळे त्यांच्याशी मतभेद असला तरी गेम घ्यायचा की नाही, हे ठरवता यायचं. बिनचेहऱ्याच्या आकड्याशी भांडणार कसं? आणि त्याच्या नावाने राक्षस तरी कोण काढणार?