आगगाडी कोणत्या काळची वीज मागते?

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून जी अडगळ खाली येते, तिच्यात एखाद्या घरी खेळण्यातली विजेची आगगाडी निघते. आजोबा बोटीवर होते, नाहीतर काका विलायतेस शिकायला होते. त्यांनी कधीकाळी आणलेली. पोरे भोवती गोळा होतात, कोणीतरी प्लग खोचतो आणि इंजिन ढिम्म हलत नाही. "गेली!" असा निकाल लागतो आणि गाडी भंगारवाल्याच्या पाटीत पडते.

गव्हाणला मी असल्या गाड्या दुरुस्त करीत बसतो. माझा अनुभव असा की बहुतेक गाड्या मेलेल्या नसतात. त्या आपल्या काळची वीज मागत असतात. म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वी थोडा इतिहास हाती घ्यावा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बॅटरीवरच्या गाड्या निघाल्या. १९०० साली लायोनेल कंपनी स्थापन झाली. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने चावीच्या गाड्यांमागून १९२५ साली विजेची गाडी काढली. योगायोग पाहा, त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईच्या बोरीबंदरावरून कुर्ल्याकडे आपल्या देशातली पहिली विजेची आगगाडी धावली. खरी गाडी आणि खेळणे एकाच साली विजेवर आली!

पण त्या हॉर्नबीच्या सुरुवातीच्या गाडीत एक भयंकर गोष्ट होती. घरातली वीज एका दिव्यातून ओढून सरळ रुळांत सोडलेली असे. दिवा प्रवाहाला आवर घाली, पण रुळाला हात लावणाऱ्या पोराला वाचवीत नसे. वाचकहो, तुमच्या खोक्यात इंजिनाबरोबर दिव्याचे होल्डर निघाले, तर ती गाडी काचेच्या कपाटात मांडा. ती चालवायची नाही, मग पाहुणा कितीही हौशी असो.

पुढे ट्रान्सफॉर्मर आला आणि रुळांतली वीज १२ ते २० व्होल्टांवर उतरली. तरी घराण्यांचे मतभेद राहिलेच. जर्मनीचे मेर्कलिन आणि अमेरिकेचे लायोनेल यांनी एसी धरली. हॉर्नबीने १९३८ साली काढलेल्या 'डब्लो' गाड्या १२ व्होल्ट डीसीवर चालत. त्यांना तीन रूळ होते. १९५९ पासून दोन रुळांचे संच निघाले. खऱ्या गाडीने मात्र उलटी वाट धरली. मुंबईची १५०० व्होल्ट डीसी २०१६ साली संपली, आणि १२ जानेवारी २०२४ पासून गव्हाणच्या अंगणातून उरणला जाणारी लोकल २५,००० व्होल्ट एसीवर धावते.

हे ठाऊक असले म्हणजे अर्धे बिघाड आपोआप उलगडतात. डीसीच्या इंजिनाला एसी दिली की ते जागच्या जागी थरथरते आणि तापते. तीन रुळांच्या गाडीचे अखंड धातूचे चाक दोन रुळांवर ठेवले की शॉर्ट होतो. लायोनेलचे इंजिन नुसते गुणगुणते, हलत नाही, तेव्हा ते बहुधा 'मधल्या घरात' थांबलेले असते: पुढे, थांब, मागे, थांब असा त्याचा क्रम. वीज क्षणभर तोडून पुन्हा द्यावी, स्वारी निघते! अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर तिकडच्या ११०-१२० व्होल्टांसाठी असतो. आपल्या २३० व्होल्टांत खोचला की जळतो. शिवाय तिकडची वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपली ५०. त्यामुळे व्होल्ट उतरवूनही तो जरा अधिकच तापतो.

काळ ओळखला की तपासणी भिंतीकडून चाकाकडे करावी. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरीचे रबर तडकलेले असेल तर तो प्लगजवळही नेऊ नये. नवा, योग्य जातीचा घ्यावा. जुन्या डीसी कंट्रोलरात सेलेनियमच्या चकत्या असतात. त्या म्हाताऱ्या होऊन व्होल्ट गमावतात आणि जळाल्या तर विषारी, कुजका धूर सोडतात. मग रूळ: सांधे ढिले आहेत का, कडांवर काळा थर आहे का? इंजिनाला रुळाबाहेर दोन तारांनी तितकीच मवाळ वीज द्या. तिथे चालले तर दोष रुळांत, नाही चालले तर इंजिनात. इंजिनात कार्बन झिजलेले असतात, नाहीतर कम्युटेटरवर तेल व काजळी यांची खरड बसलेली असते. स्पिरिटचे फडके पुरते. पॉलिशपेपरने ओरखडे पडतात आणि त्यांत पुन्हा मळ साचतो.

आमच्या खाडीकाठी आणखी एक वैरी आहे: खारा, दमट वारा. पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, स्प्रिंगा गंजतात. म्हणून दिवाळीत चालवलेली गाडी पुसून, कोरडी करून, बंद डब्यात ठेवावी.

मुलांना अशा गाड्या धावताना दाखवायच्या असतील तर पुण्यास कोथरुडात भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेंचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली खुले झाले.

आणि घरच्या खोक्यावर एक चिठ्ठी अवश्य चिकटवा: गाडी कोणती, एसी की डीसी, किती व्होल्ट, कोणी आणली. दुरुस्ती कोणालाही शिकता येईल. ती माहिती मात्र सांगणाऱ्याबरोबर निघून जाते. आजोबा अजून ओसरीवर बसलेले असतील, तर फराळाच्या ताटाबरोबर हा प्रश्नही आजच त्यांच्यापुढे ठेवा.