परटाचा खार आणि घरचा साबण

कपडे धुण्यास साबण पाहिजेच, ही समजूत आतां इतकी रुळली आहे कीं, साबण न मिळाल्यास त्याच्या जागीं काय वापरावें, असा प्रश्न सहज विचारला जातो. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांपुरतें पाहिलें तर हा प्रश्न उलट्या बाजूनें विचारावा लागेल. घोड आणि भीमा या नद्यांच्या कांठच्या गांवांनीं आपलीं वस्त्रें शतकानुशतकें स्वच्छ ठेविलीं, तीं साबणावांचून. साबण हाच तेथें मागाहून आलेला बदली माल होय. त्याचें नांवदेखील अरबी ‘साबून’ या शब्दाशीं नातें सांगणारें आहे.

हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. वर्षाचा पाऊस २० इंचांच्या आसपास, जमीन कोठें काळी तर कोठें मुरमाड, आणि ओढ्यानाल्यांत जागोजाग चुनखडीचे खडे. अशा जमिनींतून झिरपलेलें विहिरीचें पाणी चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांनीं जड झालेलें असतें. या पाण्यांत साबण फासला कीं फेस येण्याऐवजीं चिकट चोथा सुटतो आणि तो कापडालाच धरून बसतो. साबणाचा बराचसा भाग पाण्यांतील चुन्याशीं झगडण्यांतच खर्ची पडतो. रिठ्याच्या फेसाचें तसें नाहीं. त्यांतील फेसाळ द्रव्य साबणाहून निराळ्या जातीचें असल्यामुळें चुन्यानें तें फाटत नाहीं. खाराचें तर कार्यच वेगळें; तो पाण्यांतील चुना खालीं बसवितो आणि जड पाणी हलकें करतो. तेव्हां ज्यांना आज साबणाचे पर्याय म्हणून कमी लेखण्यांत येतें, ते जिन्नस या पाण्याला साबणापेक्षां अधिक मानवणारे होते.

या ज्ञानाचें मूळ जुनें आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत वस्त्रशुद्धीचे नियम दिलेले आहेत. रेशीम व लोकर यांना ऊष म्हणजे खारी माती, कांबळ्याला रिठा, तलम वल्कवस्त्राला बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या कापडाला पांढरी मोहरी, अशी तेथें वांटणी आहे. रेशीम-लोकरीला खार लावण्याचा सल्ला आजचा रसायनज्ञ मान्य करणार नाहीं, कारण तीव्र खारानें प्राणिज धागा झिजतो. परंतु प्रत्येक कापडाला त्याचें त्याचें मळ काढणारें द्रव्य असतें, ही दृष्टि मात्र त्यांत स्पष्ट दिसते. एकच वडी सगळ्या कपड्यांवर फिरविण्याच्या संवयीनें ती पुढें बरीच मंद झाली.

रिठा आणि शिकेकाई हे दोन्ही जिन्नस शिरूर-दौंडच्या माळावरचे नव्हेत. ते पश्चिमेकडील डोंगराळ भागांतून बाजारानें येत, आणि त्यांना पैसा पडे. माळावर स्वतःहून उगवणारें झाड म्हणजे हिंगणबेट. हें कांटेरी झाड कोरड्या काळ्या रानांत, बांधाच्या कडेला तग धरून राहतें. त्याच्या फळाचा गर पाण्यांत कुसकरला कीं रिठ्यासारखाच फेस येतो. रेशमी वस्त्रें धुण्यासाठीं हा गर वापरीत असत. दौंड तालुक्यांतील हिंगणीगाडा आणि हिंगणीबेर्डी या गांवांच्या नांवांत बहुधा याच झाडाची आठवण उरली आहे.

रोजच्या सुती कपड्यांचा भार मात्र फळांवर नव्हता, तो खारावर होता. आणि खाराचा खरा जाणकार म्हणजे गांवचा परीट. खार मिळविण्याच्या वाटा तीन. पहिली चुलींतल्या राखेची. राख पाण्यांत कालवून, निवळू देऊन वरचें पाणी गाळून घेतलें कीं त्यांत पोटॅशचा खार उतरतो. आघाड्यासारख्या वनस्पतींच्या राखेंत तो विशेष असतो. दुसरी वाट नापीक जमिनीवर उन्हाळ्यांत फुलून येणाऱ्या पांढऱ्या खाऱ्या मातीची. तिसरी बाजाराची. सज्जीखार वाळवंटी प्रदेशांतील खाऱ्या झुडपांच्या राखेपासून तयार होई, आणि वऱ्हाडांतील लोणारच्या सरोवरांत नैसर्गिक सोडाच जमे. तेथील लोक त्याच्या दल्ला, खुप्पल, निमक अशा निरनिराळ्या प्रती ओळखीत. अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’ंतही काच व साबण यांस लागणारीं द्रव्यें लोणारला मिळतात, अशी नोंद आहे.

खाऱ्या मातीची कथा जरा विलक्षण आहे. जो पांढरा फुलोरा परटाच्या उपयोगाचा, तोच शेतकऱ्याच्या उरावरचा धोंडा. दक्षिणेस नीरेच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी आल्यावर कांहीं काळ्या जमिनी खारावल्या, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरॉल्ड मान यांनीं १९१० मध्यें त्या क्षारजमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मात्र जमिनीवर पांढरें दिसेल तें सर्व धुण्याच्या कामाचें असतें असें नाहीं. त्यांत साधें मीठ असतें, गंधकाम्लाचे क्षार असतात. या दोहोंनीं मळ सुटत नाहीं. धुण्याचा खार तेवढा ओल्या बोटांना बुळबुळीत लागतो.

परटाच्या भट्टींत खाराच्या पाण्यांत भिजविलेले कपडे रचून त्यांना वाफ देत, मग नदीच्या दगडावर आपटून खळबळून घेत. या रीतींतली गंमत रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. अंगाच्या घामांत व मळांत तेलकट आम्लें असतात. गरम खार त्यांना भेटला कीं तेथल्या तेथें त्यांचा साबण होतो. म्हणजे परीट साबण बाहेरून आणीत नसे, कपड्याच्या मळांतूनच तो उत्पन्न करी. त्याबद्दल त्याला सुगीच्या वेळीं बलुतें मिळे. पण खारानें मळाबरोबर हाताची कातडीही सुटते, आणि त्या भेगा बलुत्याच्या मापांत कोठें धरलेल्या नसत.

या जुन्या व्यवस्थेला बाहेरचा स्पर्श प्रथम शिरूरला झाला. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तळ घोडनदीच्या कांठीं पडला. छावणी म्हटली कीं पांढरे गणवेष आले, आणि परीटही आलाच. दौंडला बदल आगगाडीनें आणला. पुणें-डिकसळ लोहमार्ग १८५८ मध्यें सुरू झाला, मनमाडचा फांटा १८७८ मध्यें दौंडला येऊन मिळाला, आणि मुंबई बंदरांत उतरणाऱ्या विलायती सोड्याला व साबणाला थेट भीमेच्या कांठची वाट मोकळी झाली. देशी साबण त्यापूर्वीं नव्हता असें नाहीं. गुजराथेंतील कपडवंज त्यासाठीं प्रसिद्ध होतें. परंतु लिव्हर कंपनीचा ‘सनलाइट’ १८८८ मध्यें या देशांत उतरल्यावर बाजाराचें रूप पालटलें. विलायती साबणांत जनावरांची चरबी असते, या शंकेनें पुष्कळ घरें तरीही त्यापासून दूर राहिलीं. अर्देशर गोदरेज यांनीं १९१८ च्या सुमारास केवळ वनस्पति-तेलांचा साबण काढला, त्याचें महत्त्व या शंकेच्या संदर्भांतच ध्यानीं येतें.

घरीं साबण करण्याची हौस स्वदेशीच्या चळवळीपासून वाढली. ही कृति वरवर पाहतां सोपी. तेल, कॉस्टिक सोडा आणि पाणी यांखेरीज कांहीं लागत नाहीं. परंतु दुसऱ्या महायुद्धापूर्वीं कॉस्टिक सोडा जवळजवळ सर्व परदेशांतून येई. १९३९ मध्यें युद्ध पेटलें, जहाजें अडलीं, आणि पर्यायांचा खरा कस लागण्याची वेळ आली. मिठापूरला टाटांचा रसायनांचा कारखाना त्याच वर्षीं स्थापन झाला, पण त्याचा माल खेड्यापाड्यांतील चुलीपर्यंत पोहोंचण्यास अवधि होता.

कॉस्टिक नाहीं तर धुण्याचा सोडा घालावा, असें कोणालाही सुचेल. येथेंच बहुतेक प्रयोग फसतात. धुण्याचा सोडा सौम्य खार आहे. मळांतील सुट्या आम्लांशीं तो जुळतो, पण ताज्या गोड्या तेलाला फोडण्याचें बळ त्याच्या अंगीं नाहीं. तास न् तास कढवूनही वर तेल आणि खालीं पाणी, असेंच दृश्य राहतें. त्या सौम्य खाराला तीव्र करणारा मध्यस्थ म्हणजे चुना. सोड्याचें किंवा राखेचें पाणी ताज्या विरविलेल्या चुन्याबरोबर उकळलें कीं खडूसारखा गाळ खालीं बसतो आणि वर कॉस्टिकचें पाणी उरतें. सुश्रुतसंहितेंत क्षाराचे मृदु, मध्यम व तीक्ष्ण असे भेद करून ही क्रिया वर्णिली आहे, आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदी रसायनाच्या इतिहासांत तिचा मोठ्या आदरानें उल्लेख केला आहे. चुनखडी तर शिरूर-दौंडच्या ओढ्यांतच पडलेली. भट्टींत भाजली कीं चुना तयार. एवढें ध्यानांत ठेवावें कीं, राखेच्या पोटॅशचा साबण लेह्यासारखा मऊ राहतो. वडी पाहिजे असेल तर कढत साबणांत मीठ टाकून तो वर तरंगवावा व गाळून घ्यावा.

तेलाची अदलाबदल याहून फसवी. शंभर भाग खोबरेल तेलास सुमारें १८ भाग कॉस्टिक लागतो. करडई किंवा भुईमूग यांच्या तेलास सुमारें १३.५ भागच पुरतो. या दोन तालुक्यांत करडई घरची आणि खोबरेल विकतचें. खोबरेलाच्या कृतींत करडईचें तेल तेवढेंच घातलें आणि खार कमी केला नाहीं, तर चार-साडेचार भाग मोकळा खार वडींत उरतो. तो कपड्याचा रंग आणि धुणाराचे हात दोन्ही खातो. उलट चूक केली तर साबण तेलकट राहून लौकर खवट होतो. शिवाय करडईच्या तेलाचा साबण जात्याच नरम. करंज व लिंबोणी यांचीं तेलें खाण्याच्या कामाचीं नसल्यानें स्वस्त पडत, पण त्यांचा वास आणि काळसर रंग शहरांतील गृहिणींना रुचत नसे. आणि भांडें ॲल्युमिनियमचें नसावें, कारण कॉस्टिक तें धातूच खाऊन टाकतो व ज्वालाग्राही वायु सुटतो. लोखंडी कढईच बरी. सुश्रुतानेंही क्षारासाठीं लोखंडाचेंच पात्र सांगितलें आहे.

वर्ध्यास १९३४ मध्यें स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें साबण हा खेड्याचा धंदा मानला, आणि १९५७ मध्यें आलेल्या खादी-ग्रामोद्योग आयोगानें अखाद्य तेलांच्या साबणाचें काम चालविलें. पण तोंवर बाजाराला दुसरी दिशा लागली होती. १९५९ मध्यें ‘सर्फ’ची निळी पूड आली, १९६९ मध्यें अहमदाबादेंत करसनभाई पटेल यांनीं ‘निरमा’ची पिवळी पूड विकण्यास प्रारंभ केला, आणि साबणाची वडी पुष्कळ घरांतून मागें हटली. त्या स्वस्त पिवळ्या पुडींतला एक मोठा घटक म्हणजे सोडा ॲश; परटाच्या भट्टींतला आणि लोणारच्या सरोवरांतला तोच खार.